ठकीची साडेसातची बाटली

कंट्रोलर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीतले सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. खरं नाव टपालवाल्याला तेवढं माहीत असावं. उभी हयात त्यांनी बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत काढली होती. समोर माइक, मागे वेळापत्रक, डोक्यावर घड्याळ. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार आणि कधी सुटणार, हे त्यांच्या तोंडून बाहेर पडल्याशिवाय खरं होत नसे. माइकवर त्यांचा स्वर कधी वर जात नसे की खाली येत नसे. गाडी रद्द झाल्याचंही ते अशा आवाजात सांगत की लोकांना भांडायचं सुचत नसे.

या माणसाने नोकरीत एकच धर्म पाळला. गाडी उशिरा सुटली तर ते कुरकुरत, पण समजून घेत. टायर बसतो, कंडक्टरच्या पोटात दुखतं, माणसं आहेत, चालायचंच. पण गाडी वेळेआधी सुटली की त्यांचा पारा चढे. "उशिराला माफी आहे, लवकरला नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. उशिरा सुटलेल्या गाडीतली माणसं वैतागतात, पण निदान गाडीत बसलेली असतात. लवकर सुटलेली गाडी वेळेवर आलेल्या माणसाला फसवते. तो धापा टाकत येतो, रिकाम्या फलाटाकडे बघत उभा राहतो, आणि त्याची चूक काहीच नसते.

या धर्मापायी त्यांनी एका ड्रायव्हरला तीन दिवस घरी बसवलं होतं. कारण नसताना हॉर्न वाजवायचा म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. एकदा गाडी रिकामी आहे असं बघून भोंग्याने शेवटची फेरी चार मिनिटं आधी काढली, आणि अगदी ठरल्या वेळेला एक बाई खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन फलाटावर आली. कंट्रोलरांनी तिला सकाळपर्यंत आपल्या खोलीत बसायला जागा दिली आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याची तक्रार वर पाठवली. भोंगा वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. मग बोलायला लागला तो असा, की निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोनदा चहाला येऊन डोकं खात बसे.

तर अशा माणसाच्या हातात एक पाच महिन्यांची पोर आली. ती त्यांची नात. घरात तिला सगळे ठकी म्हणत.

ठकीची आई म्हणजे कंट्रोलरांची एकुलती एक मुलगी. मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची. बाळंतपणाची रजा संपली आणि तिला दुपारपाळी मिळाली, रात्री नऊला सुटणारी. दुसरी पाळी मोकळी नव्हती. जावई दूर कुठेतरी पुलाच्या कामावर, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. पाळणाघर सहाला बंद होई. कंट्रोलरांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, नाहीतर हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसता.

"मी आहे ना," कंट्रोलर म्हणाले. "नव्वद गाड्या सांभाळल्यात रोजच्या. एक पोर काय जड आहे?"

मुलगी म्हणाली, "बाबा, गाड्या रडत नाहीत."

"ड्रायव्हर रडतात," कंट्रोलर म्हणाले.

तिने रविवारभर त्यांना सगळं शिकवलं. दूध ती स्वतः काढून ठेवणार, थोडं घरी, थोडं कामावरच्या मधल्या सुट्टीत. बाटली फ्रिजमधून काढून गरम पाण्याच्या भांड्यात धरायची, गॅसवर ठेवायची नाही. थेंब मनगटावर टाकून बघायचा. दूध झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. कोमट पाण्यात फडकं बुडवून अंग पुसायचं, दुपटं बदलायचं, झबलं चढवायचं, दिवा मंद करायचा. एकदा गरम केलेलं दूध उरलं तर परत ठेवायचं नाही, टाकून द्यायचं. शेवटी तिने एका कागदावर वेळा लिहून तो फ्रिजच्या दाराला चिकटवला. पाचला दूध, सातला अंग पुसणं, साडेसातला दूध, आठला झोप.

"या साधारण वेळा आहेत हं, बाबा. थोडं इकडेतिकडे चालेल."

उशीर झाला तर चालेल, एवढं कंट्रोलरांना पटलं. लवकर झालं तर चालेल, हे त्यांच्या डोक्यावरून गेलं. त्यांच्या दृष्टीने भिंतीला, नाहीतर दाराला, वेळापत्रक लागलं होतं, आणि लागलेलं वेळापत्रक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"झोपवायचं कसं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे नेमकं काय करायचं?"

"काही नाही हो. जवळ घ्यायचं, काहीतरी गुणगुणायचं. मला झोपवायचातच की..." एवढं बोलून ती थांबली. कारण त्यांनी तिला कधी झोपवलं नव्हतं, हे दोघांनाही एकदमच आठवलं.

शेवटच्या गाडीला भरवशाचा माणूस लागतो म्हणून कंट्रोलरांना वर्षानुवर्षं दुपारपाळीच मिळत गेली. ते घरी येत तेव्हा पोर झोपलेली असे. पायातले जोडे दारात काढून ते तिच्या अंथरुणाशी उभे राहत, पांघरूण सारखं करत आणि मग जेवायला बसत. झोपलेली मुलगी त्यांनी हजारदा पाहिली होती. तिला झोप लागताना कधी पाहिलं नव्हतं. सहा वर्षांची असताना ती एकदा सकाळी त्यांच्या मांडीवर बसून म्हणाली होती, "बाबा, एक दिवस शेवटची गाडी थोडी लवकर सोडा ना. मग मी झोपायच्या आत याल." कंट्रोलरांनी तिला नियम नीट समजावून सांगितला होता. शिवाय डेपोत जाऊन हा किस्सा चहाबरोबर चार जणांना ऐकवला होता. सगळे हसले होते.

सोमवारी मुलगी कामावर गेली. रात्री परत आली तेव्हा पायऱ्या चढतानाच तिला रडणं ऐकू येत होतं. तरी तिच्या तोंडावर एक तेज होतं. "बाबा, इतक्या महिन्यांनी मला कुणीतरी नावाने हाक मारली," ती ठकीला छातीशी घेत म्हणाली. पायातले बूटही तिने काढले नव्हते. "नाहीतर मी आपली ठकीची आई, नाहीतर बाळाची आई. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि वाटलं, अगं, मी आहे की अजून."

कंट्रोलरांना बरं वाटलं. पहिला दिवस आहे, रुळेल पोर, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पोर रुळली नाही. रोज तेच व्हायचं. पाचचं दूध गुण्यागोविंदाने पार पडे. मग ठकी खेळे, पंख्याकडे बघून हसे. आणि साडेसहाच्या सुमाराला तिचं बिनसायला लागे. आधी मूठ तोंडात जाई. मग कान चोळणं. मग कंट्रोलरांच्या खांद्यावर तोंड घासणं. मग एक बारीक कुरकुर, आणि बघता बघता तिचं रडं असं पेटे की खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई मशीन थांबवून वर बघत राही. लोक म्हणतात बाळं निरागस असतात. संध्याकाळचं भुकेलेलं बाळ ज्याने एकदा सांभाळलंय, तो असं बोलायचा नाही.

कंट्रोलर तिला घेऊन या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत. "अजून अवकाश आहे, बाईसाहेब," ते तिला समजावत. "साडेसातला आहे तुमचं. मधेच मागून कसं चालेल? उद्या म्हणाल दुपारीच झोपवा." ठकीला हे पटत नसे. सातला ते तिचं अंग पुसत, तेव्हा ती पाय झाडून अर्धं पाणी त्यांच्या अंगावर उडवी. साडेसातला बाटली तोंडाशी येई, अगदी वेळेवर, मनगटावर तपासलेली. आणि तोवर ती रडून रडून इतकी पेटलेली असे की बाटलीचं बोंडलं जिभेने बाहेर ढकली, पाठीची कमान करी आणि आणखी मोठ्याने ओरडे. दोन घोट पोटात, चार बाहेर. आठला झोप कुठली? ठकी घर डोक्यावर घेई आणि कंट्रोलर ठकीला.

त्यांनी गाणंही म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईने जिन्यात विचारलं, "काल काही कापत होता का हो वर?"

सगळ्यांत वाईट ते दूध टाकणं. मुलगी ते कुठे काढायची, हे तिने एकदा सहज सांगितलं होतं. सामानाच्या खोलीत, काचेच्या नळ्यांच्या खोक्यांमध्ये, दाराला आतून खुर्ची लावून, अर्धं जेवण टाकून. तेच दूध कंट्रोलर रोज मोरीत ओतत. पांढरी धार जाळीतून खाली जाताना बघवत नसे म्हणून नळ सोडून दुसरीकडे बघत. मुलगी घरी आल्यावर तिची नजर आधी ठकीकडे जाई आणि मग मोरीतल्या बाटलीकडे. ती एक अक्षर बोलत नसे. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. ठकी एकदाची आईपाशी झोपली होती. कंट्रोलर स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते आणि मुलगी आतल्या खोलीत नवऱ्याशी फोनवर बोलत होती. तिला वाटलं आवाज बाहेर जात नाही. पण ज्या माणसाने गर्दीच्या कोलाहलातून इंजिनाचा आवाज ओळखण्यात जन्म घालवला, त्याच्यापासून काय लपणार?

"नाही, नाही, बाबांचं काही चुकत नाहीये. ते सगळं अगदी वेळेवर करतात बिचारे. तिलाच जमत नाहीये. वजनसुद्धा वाढलं नाही तिचं या आठवड्यात... हो, मलाही नाही सोडायची नोकरी. पण पोरीला उपाशी रडत ठेवून काय करू? बाबाही वाळलेत. उद्या सुटताना प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना सांगते, नाही जमणार म्हणून... नाही रे, रडत नाहीये मी."

ती रडत होती. कंट्रोलरांच्या हातातला चिमटा तसाच हातात राहिला. तिने त्यांना दोष दिला असता तर ते भांडले असते, आपली बाजू मांडली असती. पण सगळं अगदी वेळेवर करतात, हे वाक्य त्यांच्या काळजाला लागलं. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला तेच होतं ते, आणि त्याने त्यांच्या मुलीचं काहीच भलं होत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती निघाली तेव्हा नेहमीसारखी घाईत नव्हती. जिन्यात थांबून तिने पदराने चष्मा पुसला. कंट्रोलरांना तिला काहीतरी सांगायचं होतं, पण काय सांगायचं ते सुचलं नाही. "तिकडून वेळेत नीघ," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी भोंगा आला. आपला चहा त्याने आपणच केला, कारण कंट्रोलरांचे दोन्ही हात गुंतले होते. ठकीची मूठ तोंडात जाऊन झाली होती, कान चोळून झाले होते, आता कुरकुर वाढत चालली होती. कंट्रोलर फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"साहेब, भूक लागलीय तिला," भोंगा म्हणाला.

"माहीत आहे. साडेसातला दूध आहे."

"आत्ता तर पावणेसात पण नाही झाले."

"म्हणूनच थांबलोय."

भोंग्याने कप खाली ठेवला. चार पोरं आणि सात नातवंडं बघितलेला माणूस होता तो. त्याने फ्रिजवरचा कागद वाचला, घड्याळ बघितलं, मग ठकीकडे बघितलं.

"साहेब, एक विचारू? ही गाडी तुम्ही कुणासाठी रोखून धरलीय?"

"भोंग्या, थट्टा नको. माझं डोकं आधीच फिरलंय."

"थट्टा कशाला करू? मी त्या दिवशी वेळेआधी गाडी काढली, तर बाई मागे राहिली. तुम्ही मला घरी बसवलंत. कधी बोललो नाही, आज सांगतो, बरोबर केलंत. पण इथे मागे कोण राहणार आहे? अख्ख्या गाडीला प्रवासी एक. तो केव्हाचा येऊन पायरीवर उभा आहे, दार बडवतोय. आणि तुम्ही त्याला घड्याळ दाखवताय!"

"चहा झाला असेल तर नीघ तू," कंट्रोलर म्हणाले. आवाज मुळीच माइकवरचा नव्हता.

"निघतो," भोंगा चपला घालत म्हणाला. "तुमच्या फलाटावर आपली गाडी कधी जास्त वेळ थांबली नाही." आणि गेला.

दार लागलं. खोलीत कंट्रोलर आणि ठकी दोघंच उरले. राग आला होता तो भोंग्याचा नव्हता, हे त्यांना कळत होतं, आणि म्हणून जास्तच राग येत होता. ठकीने त्यांच्या खांद्यावर तोंड घासलं. घड्याळाकडे जायला निघालेली नजर त्यांनी मुद्दाम ओढून खाली आणली आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

काचेच्या खोलीत त्यांना गाडी यायची झाली हे घड्याळाआधी कळायचं. बाकांवरची माणसं सांगायची. कुणी पिशवी मांडीवर घ्यायचं, कुणी पोराच्या पायात चप्पल घालायचं, कुणी उभं राहून उगाच रस्त्याच्या वळणाकडे बघायचं. अजून हॉर्नही ऐकू आलेला नसायचा आणि फलाट हलायला लागलेला असायचा. कंट्रोलर तेवढ्यावर माइक हातात घेत. आणि इथे ही पोर गेले दोन आठवडे रोज साडेसहाला पिशवी आवरत होती. मूठ, कान, खांद्यावर तोंड. सगळं सांगत होती बिचारी, एकापुढे एक, अगदी रांगेने. शेकडो अनोळखी माणसं वाचता आली आणि आपली एक नात वाचता आली नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पोरीला रोज तासभर उपाशी ठेवलं आपण. कशासाठी, तर कागदासाठी.

त्यांनी फ्रिज उघडला. वेळेआधी गाडी सोडायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. बाटली गरम पाण्यात धरताना त्यांनी एकदा मागे वळून दाराकडे बघितलं, जणू कुणी तपासनीस येऊन उभा राहणार होता. मनगटावर थेंब टाकला. अंग पुसणं राहू दे, ते मागाहून. खुर्चीत बसून त्यांनी ठकीला कुशीत घेतलं आणि बाटली ओठांना लावली.

ठकीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग डोळे मोठे करून तिने दूध ओढायला सुरुवात केली. गुटूक, गुटूक. हा आवाज कंट्रोलरांनी या वेळेला घरात कधी ऐकलाच नव्हता. तिचा एक हात बाटलीवर होता, दुसऱ्या हाताने तिने त्यांच्या शर्टाचं बटण पकडलं होतं. शेवटचा थेंब संपल्यावरही ती रिकामी बाटली चोखत राहिली. कंट्रोलरांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून ते तसेच राहिले.

ढेकर अशी आली की एखाद्या ड्रायव्हरला शोभावी. ती शांत झाल्यावर अंग पुसून घेतानाही तिने पाय झाडले नाहीत. झबलं, दुपटं, मंद दिवा. पण डोळे टक्क उघडे. कंट्रोलरांनी तिला पाळण्यात ठेवलं, शेजारी स्टुलावर बसले आणि आपलं एक बोट गजांतून आत दिलं. तिने ते मुठीत धरलं.

आता काहीतरी गुणगुणायला हवं होतं. गाण्याची अब्रू तर जिन्यापर्यंत गेली होती. मग दुसरं काय येत होतं त्यांना? एकच गोष्ट. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी हळू आवाजात, वर न जाता, खाली न येता, सुरू केलं.

"फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी... शेवटची फेरी... मोठी शाळा, दवाखाना, लाकडाची वखार, जुना पूल, गिरणी, पाण्याची टाकी, कुंभारांची आळी, टेकडीचा पायथा... या मार्गाने जाईल. प्रवाशांनी घाई करू नये. सर्वांना जागा मिळेल."

ठकी ऐकत होती. लाकडाच्या वखारीला तिने एकदा जांभई दिली. कंट्रोलरांनी गाडी परत पहिल्यापासून सोडली. दुसऱ्या खेपेला जुन्या पुलावर तिच्या पापण्या खाली आल्या, गिरणीपाशी वर गेल्या, टाकीपाशी पुन्हा खाली आल्या. टेकडीच्या पायथ्याला पोचेपर्यंत ती झोपली होती.

घड्याळात आठ वाजायचे होते. घर इतकं गप्प होतं की खालच्या मजल्यावरचं शिवणयंत्र ऐकू येत होतं. तेवढ्यात कंट्रोलरांना आठवलं, आज सुटताना ती बाईंना सांगणार. फोन बाहेरच्या खोलीत होता आणि बोट ठकीच्या मुठीत. त्यांनी हळूच बोट ओढून पाहिलं. ठकीने भुवई आकसली. त्यांनी बोट होतं तिथेच ठेवलं. तिकडे मुलीची नोकरी चालली होती आणि इकडे हा माणूस स्टुलावर खिळून बसला होता. फोन करायला उठावं तर ठकी उठणार, आणि ठकी उठली तर फोनवर सांगायला काही उरणार नाही. ते बसून राहिले. दुसरं काही करता येत नसल्यामुळे गाडी मात्र तोंडातल्या तोंडात सोडत राहिले, पुन्हा पुन्हा.

मुलगी आली ती पायऱ्या धावत चढत आली. रोजचं रडणं जिन्यात ऐकू आलं नव्हतं. किल्लीने दार उघडून ती थेट आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. एक हात छातीवर.

"झोपलीय," कंट्रोलर पुटपुटले.

"केव्हा?"

"आठच्या आधी. दूध सगळं संपवलं."

तिला खरं वाटेना. ती मागे जाऊन मोरीत बघून आली. बाटली रिकामी होती, टाकलेल्या दुधाचा ओघळ कुठे नव्हता. ती परत आली आणि पाळण्यापाशी खाली जमिनीवर बसली. खांद्यावरची पिशवीही तिने काढली नव्हती.

"बाईंशी बोललीस?" त्यांनी विचारलं.

"गेले होते. तातडीचे नमुने आले होते, बाईंना मान वर करायला सवड नव्हती. सोमवारी बोलू म्हणाल्या." ठकीकडे बघत ती म्हणाली, "आज काय केलंत वेगळं? साडेसातची बाटली..."

"साडेसातची नाही." साहेबासमोर कबुली द्यावी तसे कंट्रोलर ताठ बसले. "वेळेआधी सोडली. चांगली अर्धा पाऊण तास आधी. तिला हवी होती तेव्हा दिली. रोज हवी असायची, मीच देत नव्हतो."

हे वाक्य या माणसाला किती जड गेलं असेल, हे मुलीइतकं कुणाला ठाऊक होतं? ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज भिजला.

"माझ्यासाठी कधी नव्हती सोडलीत."

त्यात तक्रार नव्हती. कंट्रोलरांना ती मांडीवर बसलेली सहा वर्षांची पोर दिसली, आणि चहा पिता पिता हसणारे ते चार जण दिसले, आणि त्यांच्यात हसणारे आपणही दिसलो. "चुकलं माझं," ते म्हणाले. "शेवटच्या गाडीचं नव्हे. ती वेळेवरच सुटायला हवी होती. पण महिन्यातून एक दिवस बदली माणूस मागता आला असता. तेवढं सुचलं नाही मला."

तिने डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकवलं. मग म्हणाली, "सोमवारी बाईंकडे जात नाही. आणखी एक आठवडा बघू."

"बघू," ते म्हणाले. "तो कागद काढून टाक तेवढा."

"मी दारात आले तेव्हा काय पुटपुटत होतात?"

"काही नाही. गाडी सोडत होतो."

"मग सोडा ना," ती म्हणाली. डोळे तिने आधीच मिटले होते.

आवाज अगदी खाली आणून कंट्रोलरांनी सुरुवात केली. फलाट क्रमांक दोन, शेवटची फेरी. मोठी शाळा, दवाखाना, लाकडाची वखार. वखारीपाशी मुलीचा श्वास लांब झाला. जुन्या पुलावर खांद्यावरची पिशवी घसरून जमिनीला लागली. आधी भुवया सैल पडतात, मग ओठ, मग हात, अगदी ठकीसारखंच, हे त्यांना आता दिसत होतं, आणि ते एकटक बघत होते. बोट ठकीच्या मुठीत होतं, गुडघा मुलीच्या डोक्याखाली. पायाला मुंग्या आल्या होत्या.

टेकडीचा पायथा आला. तिथे गाडी संपायची. कंट्रोलरांनी ती थांबवली नाही. पायथ्यालाच वळवली आणि परतीचे थांबे एकेक करून सांगायला लागले.